आठ दिवस वाघरीबाहेर

वाचकहो, पुढील पानांत मी माझ्या हातून, खरे म्हणजे माझ्या तोंडून, घडलेल्या एका अपराधाची आणि त्याबद्दल भोगलेल्या आठ दिवसांच्या शिक्षेची हकीकत पदरचे काहीही न घालता निवेदन करणार आहे. प्रसंग एकवीस वर्षांपूर्वीचा असून त्यातील एकही मनुष्य कल्पित नाही. मी इयत्ता सातवी उत्तीर्ण आहे. भाषेत न्यून आढळल्यास ते माझे समजावे, आमच्या गुरुजींचे समजू नये.

"साठ झाली," मॅडम म्हणाल्या व त्यांनी सुई वर धरून ठेवली.

भाद्रपदातील सकाळ होती. माण तालुक्यातील आमच्या गोफणेवस्तीच्या माळावर दोन वाघरी लावलेल्या होत्या. वाघर म्हणजे मेंढरे कोंडण्याची सुताची जाळी. एका वाघरीत टोचलेली मेंढरे होती. प्रत्येकीच्या पाठीवर निळ्या रंगाचा ठिपका होता. दुसऱ्या वाघरीत न टोचलेली होती, आणि ती काही संपत नव्हती.

मॅडमांचे नाव शाहीन मुजावर. पशुसंवर्धन खात्यात त्या पशुधन पर्यवेक्षक होत्या. बर्फाची पेटी स्कूटरला बांधून त्या अठरा किलोमीटर खडीच्या रस्त्याने आल्या होत्या. दसरा झाला की आम्ही मेंढपाळ मंडळी चाऱ्यासाठी कोकणाकडे उतरतो. त्यापूर्वी प्रत्येक वाड्यातील, म्हणजे कळपातील, मेंढरांना बुळकांडी या साथीच्या रोगाची लस विनामूल्य टोचावी, अशी शासनाची योजना त्या साली आमच्या भागात प्रथमच आली होती. आणि निकड मोठी होती. दोन कोसांवरील एका वाड्यात रोग शिरून तीस मेंढरे तोंडे सडून मेली होती.

"मामा, साठच होती ना?" मॅडमांनी माझ्या वडिलांना विचारले.

माझे वडील म्हाकू गोफणे, ज्यांना आम्ही आबा म्हणतो, वाघरीच्या तोंडाशी काठी टेकून उभे होते. त्यांनी आभाळाकडे पाहिले.

"आत आणखी तितकीच दिसतायत मला," मॅडम म्हणाल्या.

"असत्याल."

"असतील म्हणजे? अर्जात साठ लिहिलीत तुम्ही."

"अर्ज ह्यानं लिवलाय," आबांनी काठीचे टोक माझ्याकडे केले. "साळंत ग्येलेला त्यो हाय. मला काय कळतंय?"

हे अर्धेच सत्य होते. अर्ज माझ्याच हस्ताक्षरातील होता, त्याखाली सही माझीच होती, परंतु 'मेंढ्यांची संख्या' या शब्दांपुढे मी लेखणी थांबवली तेव्हा आबा म्हणाले होते, "लिही साठ." मी म्हणालो, "आबा, साठ कशी?" त्यावर ते म्हणाले, "लिही म्हनलं की लिवायचं. साठ काय कमी हायती?"

आमच्या घराण्यात मेंढरांचा खरा आकडा उच्चारीत नाहीत. कोणी विचारलेच तर निम्मा सांगतात, नाहीतर "हायती धाकली-थोरली" म्हणून विषय बदलतात. कारण असे की आबांच्या थोरल्या बंधूंनी एकदा म्हसवडच्या बाजारात, चारचौघांत, फुशारकीने आपला आकडा सांगितला होता. आठ दिवसांच्या आत त्यांचा निम्मा वाडा मेला. उरलेली मेंढरे विकून ते साखर कारखान्यावर पहारेकरी झाले आणि पुन्हा कधी माळावर फिरकले नाहीत. आबा तेव्हा बारा वर्षांचे होते. मेलेली मेंढरे ओढ्यात ओढून नेण्याचे काम त्यांच्याकडे होते.

मॅडमांनी पेटीचे झाकण किंचित उचलून आत पाहिले.

"मामा, नीट ऐका. एका बाटलीत शंभर मेंढरांची लस असते. ही बाटली मी पाणी घालून तयार केलीय, दोन तासांत संपवावी लागते. साठ तुमची झाली, चाळीस वरच्या वस्तीची आहेत, ती माणसं मेंढरं कोंडून बसलीत. दुसरी बाटली आहे माझ्याकडं, पण ती उद्याच्या गावाची. ती तुमच्यासाठी फोडायची तर अर्जावरचा आकडा दुरुस्त करून घ्यावा लागेल. उरलीत किती, तेवढं सांगा. लगेच फोडते."

"तुमी टोचत ऱ्हावा की. संपली की संपली."

"दहा उरली असली तर नव्वदांची लस मातीत जाईल. वर उत्तर मला द्यायचंय."

"दहा न्हाईत," आबा म्हणाले.

"मग किती?"

आबांनी पुन्हा आभाळाकडे पाहिले.

"बरं, मी मोजते," असे म्हणून मॅडम वाघरीकडे वळल्या. तोच आबांनी खांद्यावरील घोंगडी काढून वाघरीच्या तोंडावर आडवी धरली.

"पोरी, तुला हात जोडतो. मोजू नगंस."

"अहो मामा, रोग दोन कोसांवर आलाय!"

"त्यो यील तवा यील. आकडा तोंडातनं ग्येला की त्यो आजच यील."

आमची आई चुलीपुढून उठून तेथे आली होती. ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "सांगून टाका की एकदाचं! बाई बर्फ घिऊन आलीया, तुमी आभाळ बघत बसलाय. आभाळात लिवलंय व्हय?"

"तू भाकरी बघ."

"भाकरी करपली तर दुसरी थापीन. मेंढरू करपलं तर काय थापू?"

मला एक युक्ती सुचली. मी मॅडमांच्या हातातील पेन मागितला व म्हणालो, "बोलत नाही, लिहून देतो." मी पेन कागदाला टेकविला मात्र, आबांनी माझे मनगट धरले.

"आन् कचेरीत वाचनारा मनातल्या मनात वाचनार हाय व्हय? मोठ्यानं वाचंल. चार टेबलांवर वाचंल!"

मॅडमांनी निःश्वास सोडला. त्या रागावल्या नव्हत्या. रागावल्या असत्या तर मला इतके वाईट वाटले नसते. त्यांनी सुई पुसून डब्यात ठेवली, पेटीचा पट्टा खांद्याला लावला.

"वरच्या वस्तीची लस उन्हात खराब होईल. मी निघते, मामा. राहिलेल्यांचं बिरोबा बघून घेईल म्हणा."

त्या दहा पावले चालल्या. पंधरा चालल्या. वाघरीतील न टोचलेल्या मेंढरांनी माना उंचावून माझ्याकडे पाहिले, किंवा मला तसे वाटले. त्यांतील प्रत्येकीला मी कोकरू असल्यापासून ओळखत होतो.

"एकशे सोळा!" मी ओरडलो. "मॅडम, एकूण एकशे सोळा! छपन्न उरलीत!"

आईने तोंडाला पदर लावला. आबांच्या हातातील घोंगडी हळूहळू खाली आली.

"तुला कसं ठाऊक?" त्यांनी विचारले. आवाज अगदी लहान होता.

"मी रोज मोजतो, आबा. सहावीत होतो तेव्हापासून. संध्याकाळी वाघरीत शिरताना." मला थांबवेना. "दहा वर्षं मोजतोय. मोजल्यानं मरत असती तर आजवर एक तरी उरली असती का?"

"मला काय ठाऊक न्हाई व्हय?" आबा म्हणाले. "मलाबी रोजचं ठाऊक असतंय. ठाऊक असणं निराळं आन् तोंडातनं काढणं निराळं. दहा वरसं गप ऱ्हायलास, आन् आज ओरडून सांगितलंस."

मॅडम परत आल्या. त्यांनी अर्जावर आकडा दुरुस्त केला, मला शेजारी सही करावयास लावली आणि दुसरी बाटली फोडली. पुढे पाऊण तास काम चालले. मी एकेक मेंढरू धरीत होतो, मॅडम टोचीत होत्या, आई निळा ठिपका लावीत होती. आबा धोंड्यावर पाठ करून बसले होते.

"दोन-तीन मेंढरांना ताप येईल," निघताना मॅडम म्हणाल्या. "घाबरायचं नाही, दोन दिवसांत उतरतो. आठवड्यानं मी येऊन बघते."

वरच्या वस्तीची वाट चढाची व दगडांची असल्याने त्यांची पेटी उचलून मी बरोबर गेलो. तेथील टोचणी आटोपून घरी परतलो तेव्हा दिवस मावळला होता व मेंढरे वाघरीत बसली होती. आबा वाघरीच्या तोंडाशी उभे होते. मी आत पाऊल टाकणार तोच त्यांनी काठी आडवी धरली.

"आठ दिस," ते म्हणाले. "आठ दिस वाघरीत पाय ठेवायचा न्हाई. मेंढरांमागं यायचं न्हाई. लांबनंबी बघायचं न्हाई."

"आबा, ऐका तरी..."

"एक शबूद काढू नगंस. तुझ्या तोंडाला आठ दिस सुट्टी."

शिक्षेचे स्वरूप वाचकांस क्षुल्लक वाटेल. परंतु ज्याने जन्मापासून एकही दिवस मेंढरांवाचून काढलेला नाही, त्याला घरी बसवणे म्हणजे काय, ते आमच्या जातीचा मनुष्यच जाणे. मी पाणी आणले, बाजरीची राखण केली, घोड्याचे खोगीर शिवले, शिवलेले उसवून पुन्हा शिवले. मेंढरे सकाळी माझ्या डोळ्यांदेखत निघत, तेव्हा आबा मधे घोंगडी आडवी धरून उभे राहत. मला केवळ धूळ दिसे.

दुसऱ्याच दिवशी तीन मेंढरे मान टाकून बसली. हे मला आईकडून कळले.

"मॅडम म्हणाल्याच होत्या ताप येतो," मी म्हणालो.

"त्या म्हनल्या दोन-तीन. तीन म्हंजी झालं की दोन-तीन."

"आबा काय म्हणतात?"

"काय बी न्हाई. त्या तिघींजवळ बसल्याती. काल जेवलंबी न्हाईत."

मला त्या रात्री बिरोबाखेरीज कोणाचाही आधार वाटेना. मी मोजणारा मनुष्य असूनही, त्या आठ दिवसांत मला मोजावयास दिवसांवाचून दुसरे काही नव्हते. एखादी मेंढी खोकली तरी माझा घास अडके.

वस्तीत गोष्ट पसरली होतीच. आमचे चुलत चुलते भिवातात्या, ज्यांनी "सुईनं मेंढरं मऊ पडत्यात" म्हणून मॅडमांना दारातूनच परत पाठवले होते, ते तिसऱ्या दिवशी विहिरीवर मला म्हणाले, "का रं सिद्या, येकदा सांगून भागलं का? का यंदाच्या जत्रंत कर्णा लावून देऊ? म्हंजी मुंबईपतुर जाईल आकडा."

चार माणसे हसली. मी कळशी उचलली.

"म्हाकूदा मोठ्या भावाच्या वाटंनं चाललाय," तात्या पाठीमागून म्हणाले. "त्यो बाजारात बोलला, ह्याचं पोरगं माळावर बोललं."

चौथ्या दिवशी आईने सांगितले की त्या तिघी उठून चरू लागल्या. मी विचारले, "बाकीच्या?" ती म्हणाली, "मला इचारू नगंस. मला बोलायची बंदी हाय." आणि ती घाईघाईने गोवऱ्या आणावयास गेली. तिच्या त्या घाईने माझ्या काळजात जी पाल चुकचुकली ती पुढले चार दिवस चुकचुकत राहिली.

सहाव्या दिवशी रोग आमच्या वस्तीवर आला. तो आमच्या वाघरीत आला नाही. भिवातात्यांच्या वाघरीत आला. मेंढरांच्या नाकातून पू वाहू लागला, तोंडे सुजली, हागवण सुटली. दोन दिवसांत अकरा मेली. विहिरीवर कोणी हसेना. तात्या संध्याकाळी आमच्या अंगणात येऊन बसले. मी पाणी दिले ते त्यांनी प्यायले नाही, नुसता तांब्या हातात धरून बसले. दोन वाघरींच्या मधे केवळ एक बांध होता. आमची मेंढरे त्या बांधावरून चरून येत होती.

आठव्या दिवशी मुजावर मॅडम आल्या. प्रथम तात्यांकडे गेल्या, आजारी मेंढरे वेगळी केली, औषध दिले, नंतर आमच्या वाघरीत बराच वेळ फिरल्या. मी अंगणात वाट पाहत होतो. परतताना त्या माझ्यापाशी थांबल्या.

"सिदाप्पा, तुमचं एकही मेंढरू आजारी नाही. एकाचंही नाक ओलं नाही."

"खरं सांगता?"

"मी तोंडं उघडून बघितली. तू ओरडला नसतास तर छपन्न गेली असती, आणि त्यांच्यापायी बाकीच्यांची चिंता वेगळीच."

वाचकहो, माझ्या डोळ्यांतून पाणी आले आणि मी ते पुसले नाही, कारण हातात खोगीर शिवण्याचा दाभण होता.

नववा दिवस उजाडला. आबांनी मला हाक मारली. "सिद्या, चल. मेंढरं सोडायचीत."

मी वाघरीत शिरलो. मी मोजले नाही. शपथेवर सांगतो, मोजण्याचे धैर्यच नव्हते. मी तोंडे पाहिली. एकेक तोंड पाहताना छाती हलकी होत होती. ही आहे, ती आहे, लंगडी आहे, काळ्या कानाची आहे. आणि मग माझा पाय जागीच थांबला.

"आबा," मी म्हणालो, "चांदवी कुठाय?"

कपाळावर पांढरा चांद असलेली ती मेंढी आमच्या वाड्यातील सर्वांत उत्तम होती. दरसाल जुळे देई. आबा तिला स्वतःच्या ताटातील भाकरी देत.

आबा काठीचे टोक मातीत रोवू लागले.

"मेली?" माझा आवाज फुटला. "त्या तापात मेली का? आणि मला सांगितलंही नाही? मॅडम तर म्हणाल्या..."

"बस खाली."

"आबा, माझ्या तोंडामुळं मेली का ती?"

"आरं बस की लेका! मेली न्हाई. कोंडाकडं हाय."

कोंडाबाई ही माझी आत्या. तिची वस्ती ओढ्यापलीकडे, अर्ध्या कोसावर आहे.

"आत्याकडं? कधी?"

"तू आकडा बोललास त्याच सांजंला. तू पेटी घिऊन वर गेलास, मी चांदवीला घिऊन ओढ्यापल्याड गेलो. कोंडा म्हनली, 'का रं दादा, भाऊबीज आत्तापासनं?' मी म्हनलं, 'घे आन् गप ऱ्हा.'"

"पण का?"

आबांनी माझ्याकडे असे पाहिले, जणू सातवी मी नव्हे, त्यांनी उत्तीर्ण केली होती.

"तू काय बोललास? एकशे सोळा. मी एक काढली. किती झाली, ते बोलू नगंस. पर एकशे सोळा न्हाईत न्हवं? मंग तू बोललास त्यो आकडा ह्या वाड्याचा ऱ्हायलाच न्हाई. नजर लागंल तर त्या आकड्याला लागंल. आमाला कशी लागंल?"

मी वाघरीतच खाली बसलो.

"पण चांदवीच का? एखादी म्हातारी द्यायची होती."

"देवाला काय समजत न्हाई व्हय? हलकी दिली आसती तर त्यो म्हनला आसता, म्हाकू, मला फसवतुयास."

"आणि मला आठ दिवस बाहेर ठेवलंत ते? मला वाटलं तुम्ही रागावलात."

"रागावलो हुतो की. पहिल्या दिशी लई रागावलो हुतो." आबा प्रथमच हसले. त्यांचे पुढचे दोन दात नाहीत, त्यामुळे ते हसले की कोणीही मनुष्य सोबत हसतो. "पर बाहेर ठेवलं ते त्यापायी न्हाई. तू वाघरीत आला आसतास तर मोजलं आसतंस. मोजून ओरडला आसतास, 'आबा, एक कमी! एवढीच राहिली!' म्हंजी पुन्हा खरा आकडा तोंडातनं. मंग मी अजून एक मेंढी कोंडाला दिली आसती. तू पुन्हा मोजलं आसतंस. आठ दिसात सगळा वाडा ओढ्यापल्याड ग्येला आसता!"

बाहेर आई हसत होती. ती कुडाला टेकून सर्व ऐकत होती. चौथ्या दिवसाची तिची घाई मला आता उमगली.

"आन् आणखी एक," आबा काठी उचलीत म्हणाले. हसणे थांबले होते. "एखादी मेली आसती, तर वस्तीनं तुझ्या जिभेला नाव ठेवलं आसतं. जल्मभर. माझ्या भावाला ठेवलं तसं. मी सांगणार हुतो, आकडाच खोटा हुता, पोराची जीभ साफ हाय. चल ऊठ. मेंढरं वरडाय लागली."

मी उठलो. आम्ही वाघर उचलली आणि आठ दिवसांनी मी मेंढरांमागे चालू लागलो.

पुढल्या भाद्रपदात मुजावर मॅडम आल्या तेव्हा संबंध गोफणेवस्ती मेंढरे कोंडून तयार होती. भिवातात्या सर्वांत पुढे. मॅडमांनी नोंदवही उघडली व विचारले, "मामा, यंदा किती?" आबा काहीही न बोलता वळले, दूरच्या बाभळीपर्यंत गेले, तिकडे तोंड करून दोन्ही कानांत बोटे घातली आणि ओरडले, "सिद्या, सांग तिला!"

मी खरा आकडा सांगितला. टोचणी झाली. त्याच संध्याकाळी आबा एक उत्तम मेंढी घेऊन ओढ्यापलीकडे गेले.

तेव्हापासून हा क्रम एकदाही चुकलेला नाही. नाव नीट नोंदलेले असल्याने पुढे खात्याकडून आम्हाला माडग्याळ जातीचा नर मिळाला, वाडा सुधारला, आणि रोगाने आमचे मेंढरू आजवर मेलेले नाही. ते सुईमुळे की आत्यामुळे, याविषयी आमच्या घरात दोन पक्ष आहेत व दोघांचे भांडण नाही. आबा आता चौऱ्याऐंशी वर्षांचे आहेत. आत्याच्या वस्तीवर आमच्याच रक्ताचा केवढा तरी वाडा झाला आहे. आकडा अर्थातच लिहीत नाही. श्रावण सरत आला की आत्या ओढ्याच्या काठावर येऊन मला हाक मारून विचारते, "सिदू, आरं तुझी ती सुईवाली बाई यंदा कवा यायची हाय?"

ही हकीकत शेवटपर्यंत वाचण्याची तसदी आपण घेतलीत, याबद्दल मी आपला अंतःकरणपूर्वक आभारी आहे.

आपला नम्र,
सिदाप्पा म्हाकू गोफणे